वळणावर अडलेलं नवं इंजिन

दोन रुळांमध्ये अंतर किती असावं, यावर जगाचं कधी एकमत झालं नाही. कुठे गाडी ऐसपैस पसरून धावते, कुठे अंग चोरून. आमची छोटी लाइन अंग चोरणाऱ्यांतली. डोंगराला बिलगून, वळणं घेत घेत ती वर चढायची. तिच्या रुळांमधलं अंतर राखणारा माणूस म्हणजे आमचा मुकादम.

त्याच्याकडे एक लोखंडी दांडा होता. त्याला गेज म्हणत. दांड्याच्या दोन्ही टोकांना कान होते. तो रुळांवर आडवा ठेवायचा; दोन्ही कान रुळांच्या आतल्या कडांना टेकले की माप बरोबर. हे गेज सासऱ्याच्या हातचं, कारण सासराही याच लाइनीवर मुकादम होता.

"मुलगी दिली ते ठीक," तो बायकोसमोरच म्हणायचा, "पण गेज दिलं, तेव्हा कळलं की माझ्यावर भरवसा आहे."

"मग उद्यापासून स्वयंपाकही गेजलाच सांगा," ती म्हणायची.

सुट्टीच्या दिवशी तो दारात बसून विटेच्या पुडीनं ते कान घासायचा. सासऱ्याचीही तीच रीत. लोखंडावर गंजाचा ठिपका म्हणजे घराण्याला बट्टा. कान असे चमकायचे की त्यांत बघून भांग पाडावा.

जुनं इंजिन म्हातारं झालं, तेव्हा नवं आलं. साहेबानं बजावलं, "हे वर चढलं तर लाइन राहील. नाही चढलं, तर रूळ उचलायचे."

मोठ्या वळणावर नवं इंजिन किंचाळलं, रुळांना घासलं आणि अडून बसलं. ड्रायव्हर खाली उतरला.

"मुकादम, रूळ घातलेत की फास?"

मुकादमानं गेज टेकवलं. तंतोतंत बसलं. "माझं माप बरोबर आहे. तुझ्या इंजिनाचाच पाय जाड."

"आणि जुनं कसं जायचं?"

हा प्रश्न त्याला दातात अडकलेल्या काडीसारखा छळू लागला. तो परत स्टेशनात आला. जुन्या इंजिनाखाली शिरून त्यानं चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड चाचपली. झिजून पातळ झालेली, विळ्याच्या पात्यासारखी. म्हणजे ते कुठेही मावलं असतं. पण रुळांचं काय?

शेडमागे एक बिनवापराचा फाटा होता. सासऱ्यानं तो याच गेजनं घातला होता, ते कोरं असताना. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. मुकादमानं गवत सारून गेज ठेवलं. ते सैल पडलं, खुळखुळलं. पुढे ठेवलं, तिथेही तसंच. फाट्याच्या टोकापर्यंत तसंच.

तो तिथेच रुळावर बसला. त्याला शोधत बायको आली, तेव्हा तो गेजच्या कानावरून अंगठा फिरवत होता.

"काय झालं हो?"

"हे आखूड झालंय."

ती चिडली. "बाबांचं गेज खोटं म्हणता?"

"खोटं नव्हतं गं. बाबांनी घासलं, मी घासलं. आणि जसं हे झिजलं, तसे मी रूळ जवळ ओढत गेलो."

तिनंही त्या कानावरून अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाली, "साहेबांना सांगणार?"

"न सांगून इंजिन चढणार आहे का?"

साहेब ऐकून उभाच राहिला. "म्हणजे सगळी लाइन चुकीची?"

"सगळी नाही, साहेब. मी जिथे जिथे नीट केली, तिथे तिथे."

वळणं सारखी बिघडतात, म्हणून मुकादमानं जास्तीत जास्त वेळा तीच नीट केली होती. साहेब रागावला, मग त्याला हसू आवरेना. शेजारच्या, याच मापाच्या लाइनीवरून कोरं गेज मागवलं. माणसांनी वळणावरचे खिळे उपसले, एक रूळ जरासा बाहेर सरकवला, पुन्हा ठोकला. सरकला किती, तर नखाएवढा.

नवं इंजिन आलं. मुकादम रुळालगत वाकून चालत होता, कान चाकांकडे. वळण संपेपर्यंत चाकांचा नुसता खडखडाट, किंकाळी नाही. गाडी वर चढली. साहेब हात मिळवायला पुढे आला, तर मुकादम जागेवर नव्हता. तो ड्रायव्हरच्या पायरीवर चढून विचारत होता,

"आता ते म्हातारं इंजिन या रुंद रुळांत डुलत असेल, नाही? एकदा काढ ना बाहेर. बघू तरी."