आम्ही समुद्रावर गेलो आणि आत्या विहारात

नवऱ्याने मला सांगितलं ते तिकिटं काढून झाल्यावर. "दिवाळीच्या सुट्टीत थायलंड. समुद्रकाठचं रिसॉर्ट आहे. काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." तो अगदी खुशीत होता. मला मात्र त्या शेवटच्या वाक्यानेच धडकी भरली.

मी सोलापुरात एका सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात नर्स आहे. ड्यूटीवर उभी, घरी आल्यावर ओट्यापाशी उभी. टीव्हीसमोर बसले तरी हातात लसूण नाहीतर शेंगा सोलायला लागतात. पडून राहणं मला आजारी माणसाचंच माहीत.

"आणि आत्या?" मी विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर वळसंगचं घर बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या.

"आईपण येणार. पासपोर्ट काढलाय की तिचा गेल्या वर्षीच."

मग तयारी सुरू झाली. मुलगी आठवीत, मुलगा पहिलीत. पोहायचे कपडे घ्यायला आम्ही नवी पेठेत गेलो. दुकानदाराने माळ्यावरून एक खोका काढला, त्यावरची धूळ झटकली आणि मुलीपुढे ठेवला. तिने उचललेला पोशाख बघून मी लगेच म्हणाले, "दुसरं दाखवा, पूर्ण बाह्यांचं." मुलीने तोंड पाडलं. आत्या बाकड्यावर बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "घालू दे की तिला. लुगडं नेसून बुडण्यापरीस बरं!" दुकानदार हसला, मुलगी हसली, आणि तो पोशाख पिशवीत गेला. पूर्ण बाह्यांचा मी माझ्यासाठी घेतला.

रिसॉर्टवर पोहोचलो तेव्हा दारातल्या मुलींनी हात जोडून, मान लववून स्वागत केलं. आत्यांनीही लगेच हात जोडले. "हितं बी हात जोडत्यात की," त्या मला म्हणाल्या, आणि प्रवासात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. खोलीत पलंगावर टॉवेलचे हत्ती करून ठेवले होते. मुलाने ते मोडू दिले नाहीत, त्यामुळे आम्ही सगळे एकाच टॉवेलला अंग पुसत राहिलो.

पहिल्याच पहाटे मी दचकून उठले. वाटलं, पाणी आलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा घरातलं कुणीतरी झोपेतून उठून टाकी भरतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. अंधारात नळ शोधायला निघाले आणि काचेच्या दारावर आपटले. दाराबाहेर एवढं मोठं पाणी, भरायचं काहीच नाही.

किनाऱ्यावरून येताना पायाची वाळू धुवायला एक फवारा होता. लोक तो चालूच सोडून जायचे. मी जाऊन बंद करायची. पुन्हा कुणीतरी सोडायचं, पुन्हा मी उठायची. तिथल्या एका कर्मचाऱ्याला वाटलं माझी काही तक्रार आहे. तो धावत आला, वाकून माफी मागायला लागला. काय सांगणार त्याला?

"बस की गं जरा," नवरा आडव्या खुर्चीवरून, काळा चष्मा न काढता म्हणायचा. मी बसायची. मग उठून मुलांचे ओले कपडे धुऊन गॅलरीत वाळत घालायची. त्यावर हॉटेलमधून फोन आला, फार गोड आवाजात, की कपडे आत घ्यावेत, बाहेरून बरं दिसत नाही. मुलीने ते ऐकलं. "मम्मी, प्लीज," एवढंच म्हणाली आणि दिवसभर माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

मुलगी आणि तिचे पप्पा समुद्रात खूप आत जायचे. मी घोटाभर पाण्यात उभी राहून त्यांची डोकी मोजायची. लाट आली की डोकी दिसेनाशी व्हायची, आणि पुन्हा वर आली की मी पहिल्यापासून मोजायची. मुलाची काळजी त्यामानाने नव्हती. त्याने पहिल्या दिवशीच जाहीर केलं, "हे पाणी अंगावर येतंय, मी नाही जाणार." तो समुद्राकडे पाठ करून झाडाच्या सावलीत लाल बादली घेऊन खड्डे खणत बसायचा. शेजारी आत्या. पाण्याचं दोघांनाही भ्या.

एका संध्याकाळी आत्यांनी नवऱ्याला विचारलं, "उद्या पुनव हाय. हितं विहार कुटं?"

"असेल की आई, इथं जागोजागी आहेत. बघू उद्या," तो म्हणाला.

सकाळी त्या पांढरी साडी नेसून नाश्त्याला आल्या. मी आपली ताटात काहीबाही घेत होते, मुलाला खाऊ घालत होते. नाश्ता झाल्यावर आजी आणि नातू नेहमीच्या झाडाखाली बसले. नवरा शेजारच्या खुर्चीत आडवा झाला. मला मुलीने पाण्याकडे बोलावलं. तिला छोटे मासे दिसले होते आणि ते मला दाखवायचे होते. दोन खुर्च्यांचं अंतर तिने आपणहून मोडलं होतं, म्हणून मी गेले. वाकून मासे बघत राहिलो दोघी. तिने माझा हात धरला होता.

परत आले तर झाडाखाली कुणी नव्हतं.

नवरा तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. मी इकडे तिकडे पाहिलं. आणि मला मुलाची लाल बादली दिसली. ती पाण्याच्या कडेला लोळत होती. लाट यायची, बादली थोडी आत ओढायची, पुन्हा बाहेर टाकायची.

त्यानंतरचं मला नीट सलग आठवत नाही. मी नवऱ्याला हलवलं, बहुतेक मारलंच. मी पाण्यात शिरले, छातीपर्यंत. मुलाला हाका मारल्या. किनाऱ्यावरच्या रक्षकाने शिट्टी वाजवली, लोक पाण्याबाहेर यायला लागले. कुणीतरी पोहण्याच्या तलावाकडे धावलं. मी विहिरीतून, कालव्यातून काढून आणलेली पोरं बघितली आहेत. त्यांचे ओठ कसे होतात, बोटांची कातडी कशी होते, हे मला शिकवावं लागत नाही. त्या पाण्यात उभी असताना मला सगळं तेच दिसत होतं, फक्त तोंड माझ्या मुलाचं होतं.

मुलगी मागून ओरडत होती. "मम्मी, आजी पाण्यात जाणारच नाही! मम्मी, ऐक ना! आजी विहारात गेली असेल!"

तिने माझा दंड धरून मला ओढत फाटकापर्यंत नेलं. मोबाइलमधला आजीचा फोटो तिने फाटकावरच्या पहारेकऱ्याला दाखवला. त्याने फोटो बघितला, हसला, दोन्ही हात कपाळाशी जोडले आणि समोरच्या गल्लीकडे बोट केलं. मग कमरेएवढ्या उंचीवर तळवा धरून दाखवला. लहान मूलही होतं बरोबर.

मी अनवाणी धावले. अंगातून पाणी निथळत होतं. फळांच्या गाड्या, उभ्या केलेल्या स्कूटर, एक झोपलेलं कुत्रं. गल्लीच्या टोकाला एकावर एक उतरती छपरं असलेलं विहार होतं, आणि समोरच खांबांचा उघडा मंडप. त्यात पांढऱ्या कपड्यांतल्या बाया दाटीने बसलेल्या. सगळ्यांची पाठ माझ्याकडे, सगळ्यांचे अंबाडे सारखे. यातली आमची कुठली, कळेना.

तेवढ्यात त्या सगळ्या मिळून म्हणायला लागल्या. चाल वेगळी होती, उच्चार वेगळे होते, शब्द नाकात गुंजत होते. पण मी पायरीवरच थांबले. पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. आमचंच पालीतलं पंचशील. लहानपणापासून विहारात म्हटलेलं, लग्नात म्हटलेलं, मयतीत म्हटलेलं. आणि त्या गुंजणाऱ्या आवाजांत एक आवाज अर्धा सूर पुढे, ठसठशीत, दक्षिण सोलापूरच्या मातीतला. तिसऱ्या रांगेत आत्या बसल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या थाई बाईच्या मांडीवर माझा मुलगा केळं खात होता.

मला किंचाळायचं होतं. खरंच. पण पंचशील चालू असताना कसं ओरडणार? एका बाईने माझे ओले कपडे बघून आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि दंडाला धरून मला खाली बसवलं.  सगळ्या जणी म्हणत होत्या, जे शब्द मला कधी आठवावे लागले नाहीत तेच म्हणत होत्या, आणि माझे ओठ काही हलले नाहीत. मी फक्त मुलाच्या पाठीकडे बघत होते. वर, खाली. श्वास चालू आहे.

मुलगीही येऊन माझ्याशेजारी बसली. नवरा मागाहून धापा टाकत आला आणि खांबाला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

संपल्यावर मी आत्यांना बाहेर नेलं. "सांगून जायचं नाही का?"

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. "ह्याला इच्यारलं. जाऊन येते, पोराला बी नेते म्हणलं. हं म्हणला."

आम्ही दोघींनी नवऱ्याकडे बघितलं. त्याला काहीही आठवत नव्हतं. टोपीखालून झोपेतच हं म्हणाला असणार.

"आणि बादली?" मी मुलाला विचारलं.

"ती त्या गोऱ्या मुलीला खेळायला दिली," तो म्हणाला.

"मी समुद्रात शोधत होते तुम्हाला," मी आत्यांना म्हणाले. माझा आवाज चढला होता. दोन-तीन बाया वळून बघायला लागल्या. "पाण्यात शिरून शोधत होते!"

 माझ्या निथळणाऱ्या बाह्यांकडे आत्यांचं आत्ता लक्ष गेलं. "अगं, मी कशाला जाती त्या पाण्याकडं," त्या हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माजं. ह्याला हलवून सांगायला पायजे हुतं."

आणि माझी ओली बाही पिळत, "पर तू बी आल्यापास्नं अशीच. एक घडी बुड टेकत न्हाईस. का गं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. बस, असं सगळे म्हणतात. का बसत नाहीस, असं कुणी विचारत नाही. मी म्हणाले, "बसलं की मला दवाखान्यात आणलेली पोरं दिसतात, आत्या. काम करत असले की दिसत नाहीत." नवरा ऐकत होता, मुलगी ऐकत होती. मी ठरवून बोलले नाही, बाहेर पडलं.

 माझ्या पाठीवरून आत्यांचा खरखरीत हात फिरत राहिला. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या थाई बाईने आम्हाला खुणेनं बोलावलं. भिक्खूंचं जेवण झालं होतं, आता बाकीच्यांची पंगत बसत होती. चिकट भात, नारळाची मिठाई, कसलीतरी पालेभाजी. आत्यांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि रांगेतल्या बायांना तुकडा तुकडा वाढली. एकीला चटणीचा ठसका लागला. सगळ्या खदखदून हसल्या. आत्या मराठीत बोलत होत्या, त्या थाईत. कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या संध्याकाळी रिसॉर्टवाल्यांनी केळीच्या पानाचे, फुलं आणि मेणबत्ती लावलेले द्रोण सगळ्या पाहुण्यांना दिले. तिथं या पौर्णिमेला ते पाण्यात सोडतात. मुलाला द्रोण सोडायचा होता, म्हणून तो पहिल्यांदाच पाण्यापर्यंत आला, माझी बोटं घट्ट धरून. वाकून त्याने द्रोण ठेवला. लाटेने तो उचलला आणि सरळ त्याच्या पायावर आणून आपटला, मेणबत्ती विझलेली. "बघ, मी म्हणलो होतो," असं म्हणत रडत तो आत्यांकडे पळाला. मुलीने द्रोण उचलला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पुढे ढकलला. मी तिच्या डोक्याकडे बघत राहिले. नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, तोही बघत होता. एरवी तो असा उभा राहिला नसता.

उरलेले दिवस आत्या रोज सकाळी विहारात गेल्या. आता मला हलवून, सांगून. नवऱ्याने एकदा फवारा स्वतः उठून बंद केला. मी एक दिवस अर्धी सकाळ खुर्चीवर पडून राहिले. बरं वाटलं असं म्हणवत नाही.

सोलापूरला आल्यावर आत्यांनी आमच्या नगरातल्या विहारात सगळ्यांना सांगितलं, "तितल्या बाया लई दूरच्या, पर पंचशील आपल्यावानीच म्हणत्यात." एक जण म्हणाली, काहीतरीच काय. आत्यांना राग आला. त्यांनी मला साक्षीला बोलावलं. "इचार हिला, ही हुती की तितं." मी हो म्हणाले.

पुढच्या पौर्णिमेला माझी सुट्टी होती. आत्यांबरोबर मीही पांढरी साडी नेसून गेले. वंदना सुरू झाली, मी म्हटली, यावेळी ओठ हलले. थोड्या वेळाने पायाला मुंग्या आल्या, मग हातांना काही सुचेना. मी हळूच उठून बाहेर आले. दारात चपलांचा ढीग पडला होता. मी खाली वाकले आणि एकेक जोड शोधून भिंतीशी ओळीने लावायला लागले. आत वंदना चालूच होती. आत्यांचा आवाज सगळ्यांत पुढे ऐकू येत होता.