ओली पूड

गणपती चौगुले रूळ जोडायचा. कोल्हापूर-मिरज मार्गावर एका ठेकेदाराकडं त्याची सतरा वर्षं गेली होती. दोन रुळांच्या फटीभोवती वाळूचा साचा बसवायचा, वर मूस ठेवायची, तिच्यात पूड ओतून फुलबाजीनं पेटवायची. पुडीत लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे साधा गंजच, आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची भारी हाव. गंजातला ऑक्सिजन ते हिसकावून घेतं आणि मोकळं झालेलं लोखंड पांढऱ्याफेक रसासारखं फटीत उतरतं.

श्रावणातल्या त्या सकाळी रुकडीच्या अलीकडं काम होतं. दीड तास गाड्या बंद ठेवल्या होत्या. गणपतीनं पिशवी फोडली, मूठभर पूड दाबून बघितली. तिचा गोळा झाला. त्यानं दुसरी पिशवी फोडली, तीही तशीच.

"काका, पेटवा की. वेळ जातोय," सुपरवायझर उदयसिंह म्हणाला. पोरगा तसा वाईट नव्हता, नवा होता.

"पूड ओली हाय. पेटवणार न्हाय."

"जरा दमट हाय. त्येनं काय हुतंय?"

"मीबी असंच म्हणलोतो," गणपती म्हणाला.

सहा वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार पिराजी यानं ओलसर साचा दाखवून विचारलं होतं, "चालंल न्हवं?" गणपती "चालतंय की" म्हणाला. रस साच्यात पडला, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि सगळं उसळून पिराजीच्या अंगावर आलं. आठव्या दिवशी तो गेला. गणपतीला कुणी बोल लावला नाही. भेटायला गेला तेव्हा पिराजीच्या बायकोनं तर त्याला चहा करून दिला. कप तसाच ठेवून तो उठला आणि त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही. त्यानंतर त्यानं जोडीदार घेतला नाही. डबा एकटाच खायचा, जरा लांब, रुळाच्या कडेला बसून.

पुडीच्या बाकीच्या पिशव्या गोदामात, शिरोलीला. त्या येईपर्यंत वेळ टळली. रुळाला तात्पुरत्या पट्ट्या ठोकून गाड्या हळू सोडाव्या लागल्या. ठेकेदारानं गणपतीला महिनाभर गोदामात बसवलं. तिथं दिवसभर तो पिशव्या फळीवर रचायचा, भिंतीपासून हातभर सोडून. बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी खोलीवर जाऊन दोन भाकऱ्या थापायच्या. मुलगी स्वप्नाली पुण्याहून फोन करायची. "बरं हाय," तो म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

महिना संपल्यावर त्याला परत रुळावर घेतलं. ऊन होतं, पूड भुरभुरीत होती. त्यानं सगळ्यांना मागं हटवलं आणि फुलबाजी लावली. मूस धडधडली, रस उतरला, वरची मळी बाजूला वाहिली. जोड घासून गुळगुळीत झाल्यावर उदयसिंह जवळ आला.

"काका, त्या दिवशी..." तो म्हणाला आणि टेम्पोकडं वळला. "टेम्पोत येताय न्हवं?"

"तुम्ही व्हा म्होरं. गाडी जाऊ दे एक."

टेम्पो गेला. गणपती बांधावर उभा राहिला. पॅसेंजर आली, जोडावरून सरळ निघून गेली. खिडकीतल्या एका बाईनं उगाच हात हलवला. त्यानंही हलवला, पण तोवर डबा पुढं गेला होता.