एकाच घराची तक्रार

कार्ताहेना शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत उबालदिना जन्मली, टेलिफोन केंद्रात नोकरी करून तिथेच निवृत्त झाली. लग्न केलं नाही, पण एकटेपण असं कधी जाणवलं नव्हतं. सगळी गल्लीच तिचं गणगोत. कुणाकडे मासे तळले की तिच्याकडे ताटली यायचीच.

पुढे परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. घरं विकली गेली. कुठे हॉटेल झालं, कुठे बार. रात्रभर बारमधल्या गाण्यांनी भिंती थरथरू लागल्या. माणसं कंटाळून शहराबाहेरच्या नव्या इमारतींत गेली. सगळ्यात शेवटी शेजारची एदेल्मिरा गेली. जाताना डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. "मला झोप हवीय गं," एवढंच म्हणाली.

मग पालिकेने नियम काढला, की रहिवाशांनी मागणी केली तर रात्री अकरानंतर बारचा आवाज रस्त्यावर येता कामा नये. त्यासाठी गल्लीतच बैठक बोलावली. खुर्च्या पुष्कळ मांडल्या होत्या. आली एकटी उबालदिना. समोर बारमालक विल्फ्रान. तो याच गल्लीत वाढलेला, आता राहायला मात्र दुसरीकडे.

पालिकेचा माणूस अवघडला. मागणी करणारी निदान तीन घरं तरी हवीत, म्हणाला.

"आवाजामुळे माणसं गेली," उबालदिना म्हणाली, "आणि आता माणसं नाहीत म्हणून आवाज चालू ठेवायचा. हा कुठला न्याय, बाबा?"

त्याने ते वहीत उतरवून घेतलं. विल्फ्रान खाली मान घालून बसला होता. आपल्याकडे पंधरा-वीस पोरं कामाला आहेत, त्यांचं पोट रात्रीवरच चालतं, असं तो हळूच म्हणाला. ते खोटं नव्हतं, हे उबालदिनालाही ठाऊक होतं.

पालिकेच्या माणसाने तिचं म्हणणं वर कळवलं. बरेच महिने गेले, आणि नियम बदलला: एक घर पुरे. अकराला गल्ली गप्प होऊ लागली. बारमधल्या दोघातिघांचं काम सुटलं. उरलेल्यांनी उबालदिनाला नमस्कार करणं सोडलं.

तिने एदेल्मिराला फोन केला. "ये परत. सुई पडल्याचा आवाज येईल इतकं शांत झालंय."

पलीकडे पोरांचा गलका चालू होता. मग एदेल्मिरा म्हणाली, "उबा, आता नातवंडं माझ्याच कुशीत झोपतात. कुठे येऊ?"

उबालदिनाने इतरांनाही फोन केले. सगळे गोड बोलले. आलं कुणी नाही.

एका दुपारी ती विल्फ्रानच्या बारमध्ये शिरली. पोरांनी तोंडं फिरवली. गिऱ्हाईक नव्हतं. विल्फ्रानने खुर्ची पुढे केली, नारळाचा भात आणि तळलेला मासा आणवला, स्वतःही ताटली घेऊन बसला.

"तुझ्या पोटावर पाय आणला ना रे मी, विचो?" तिने त्याच्या लहानपणच्या नावाने विचारलं.

"थोडा आणलात, मावशी." तो हसला नाही. "पण विचो म्हणणारं आता तुमच्याशिवाय कोण उरलंय इथे? आई गेली, भाऊ बोगोताला."

तिने मासा निवडायला घेतला. काटे काढून अर्धा त्याच्या ताटलीत सरकवला. दोघं जेवले. निघताना त्याने विचारलं, उद्या याल का. ती म्हणाली, बघू. घरी जाऊन तिने दार लावलं, तेव्हा बाहेर अजून ऊन होतं, आणि गल्ली आत्ताच रात्रीचे अकरा वाजल्यासारखी गप्प होती.