सोयरिकीच्या बैठकीत पतसंस्था

हसायचं तर खुशाल हसा, पण हा विषय आमच्या हिच्यासमोर काढू नका. तिला अजून हसू येत नाही.

लेकीसाठी वडनेरचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, माणसं सरळ. आम्ही नवराबायको आंजीहून घर बघायला गेलो. घर म्हणजे काय विचारता, पायऱ्यांना ग्रॅनाइट, जिन्याला चकाकता स्टीलचा कठडा. मुलगा शाळेतून यायचा होता. त्याचे वडील आणि काका सोफ्यावर बसलेले, आई पोहे देऊन आत गेली.

सगळे गप्प झाले की माझी जीभ खाजवते. त्या दिवसांत तालुक्यातली एक पतसंस्था बुडायला आली होती. मागेल त्याला घरासाठी कर्ज वाटलं, हप्ते थकले, आणि आता सरकार संस्थेला अन् कर्जदारांना वाचवणार अशी चर्चा होती. म्हटलं, याहून निरुपद्रवी विषय कोणता?

"सरकारनं एक रुपया देऊ नये," मी सुरू झालो. "ऐपत नाई तं एवढं घर बांधता काऊन? आता होऊ द्या लिलाव."

मुलाच्या वडिलांचा चमचा पोह्यातच थांबला. हळूच म्हणाले, "मायं कापडाचं दुकान चांगलं चालून राह्यलं होतं जी तवा. वाटलं, फेडून टाकू."

म्हणजे ज्या घराचा मी लिलाव पुकारला, त्याच घरात पोहे खात होतो. हिनं पदराआडून चिमटा काढला.

पण मी हुशार ना. लगेच गाडी वळवली. "तसं पाह्यलं तं कर्ज घेणाऱ्याचा काय दोष? त्याले गरज राह्यते. खरे चोर ते संचालक. डोळे मिटून पैसे वाटले. त्याईले वाचवणं म्हणजे पाप हाये."

काकांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "मी संचालकच हावो जी तिथं. वाटलं, लोकाईचे घरं होतीन."

आता दोघं एकाच सोफ्यावर बसलेले, मी तरी काय करणार? ही चिमटे काढायचीही थांबली. त्याची मला जास्त भीती वाटली.

"म्हणूनच म्हणतो," मी घाम पुसत म्हणालो, "सरकारनं दोघाईलेही वाचवावं. सरकारले काय कमी हाये?"

तेवढ्यात मुलाची आई चहा घेऊन आली. कप ठेवत म्हणाली, "अन् मायं काय, भाऊ? मी शिवणकाम करतो. माये सारे पैसे त्याच संस्थेत अडकले. भाऊजीनं वाटले, याईनं घेतले. मले कोणी इचारलं नाई. आता तुमीही नाई इचारलं."

दोघे भाऊ फरशीकडे बघू लागले. मीही बघितली. फरशी चांगली होती. वळायला आता बाजूच उरली नव्हती, म्हणून चहा घोटला आणि जीभ भाजून घेतली.

परतीच्या बसमध्ये हिंगणघाट येईपर्यंत ही पिशवीचा बंद सोडत-बांधत बसली. मीच म्हणालो, "गेलं स्थळ." तिनं खिडकीकडे तोंड केलं.

आठवड्याभरानं मुलाच्या आईचा फोन आला. हिनं घेतला, ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला. सोयरीक पसंत होती, साक्षगंधाची म्हणजे साखरपुड्याची तारीख काढायला बोलावलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "आण इकडं, मी बोलतो."

पलीकडून बाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"नाई, नाई. तुमी एकट्याच येजा. भाऊले म्हणा, सरकारचं काय ठरते ते घरी बसून पाहा."