सातव्या विहारापुढचं ताट

जळगावात आमच्या मेहरूणच्या गल्लीत दार वाजवत नाहीत, बडवतात. दूधवाला तर कडी अशी आपटतो की जणू घरात कोणी कोंडून घेतलंय आणि त्याला बाहेर काढायचंय. आम्हाला त्याची सवय आहे. मला तर इतकी की बायको म्हणते, एखाद दिवस त्याने हळू वाजवलं तर तुम्ही दुपारपर्यंत उठायचे नाहीत.

परदेशातल्या बहिणीबरोबर तिच्या तिकडच्या मानलेल्या मावशी आमच्याकडे आल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी दूधवाल्याने कडी आपटली. मी पातेलं घेऊन आत वळलो तर मावशींची खाट रिकामी. बहिणीने ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं. धान्याच्या कोठीमागे, भिंतीला पाठ लावून, चपला छातीशी धरून मावशी बसल्या होत्या. साठी ओलांडलेली बाई. डोळे उघडे, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो.

बहीण जवळ गेली नाही. लांबूनच, त्यांच्या भाषेत, आधी आपलं नाव आणि मग काहीतरी चार शब्द बोलली. पुन्हा तेच. मग मावशींनी चपला खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. पातेलं हातात धरून मीही हसलो. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही असं बायको म्हणते.

दूधवाल्याला मी फाटकावर गाठलं. म्हटलं, "भाऊ, उद्यापासून दार वाजवू नको. रस्त्यावरूनच नाव सांग."

"माझं नाव?" तो म्हणाला. "वीस वर्षं झाली, तुम्हाला माझं नाव माहीत नाही का?"

मावशी कंबोडियाच्या. म्हणजे जन्माने. लहानपणी त्यांच्या देशात जे राज्य आलं त्याने शहरंच्या शहरं रिकामी करून माणसांना शेतांवर हाकललं, आणि दारावर थाप पडली की घरातलं कोणीतरी जायचं ते परत यायचं नाही. त्यातून वाचून त्या परदेशात गेल्या. तिथे त्यांच्यासारखी बरीच कुटुंबं एका गावात राहतात. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे त्याच गावात जाऊन पडली. बुद्धपौर्णिमेला विहार शोधत गेली तर फर्निचरच्या जुन्या दुकानात या लोकांचा विहार. चाल वेगळी, पण शब्द तेच, नमो तस्स. ही तिथे रडली म्हणे. दुसऱ्या आठवड्यात कोणा म्हातारीला गाडीतून दवाखान्यात नेऊन आली आणि मग त्यातून सुटलीच नाही. मावशी तिथल्या स्वयंसेवकांच्या प्रमुख, आणि ही त्यांच्या हाताखाली. म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेणं, डॉक्टरचं बोलणं समजावणं, कोणी गेलं तर सगळं उरकणं. त्यांचा एक नियम आहे: कोणाचंही दार वाजवायचं नाही. रस्त्यावर उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पाऊस असो की बर्फ.

"हिने इथं कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही," असं मी आबांना म्हणालो तर आबा म्हणाले, "तू तरी कोठे उचलस?"

आबा म्हणजे आमचे वडील. आयुष्य धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेलं, मूळ गाव शिंदखेड्याजवळचं. दीक्षेच्या प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ आहेत आणि त्या आम्हालाही पाठ असाव्यात असा त्यांचा आग्रह आहे. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. त्यांची आई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विस्तवावर पितरांच्या नावाने घास टाकायची, ती आगारी. आबांनी ती बंद केली त्याला जमाना झाला.

आणि मावशी आल्या होत्या नेमक्या पित्तरपाट्यात, पितृपंधरवड्यात. गल्लीतली माणसं गच्चीवर कावळ्यांना हाका मारत होती, आणि त्यांच्याकडचाही मेलेल्यांचा पंधरवडा तोच निघाला. बौद्ध असून! आबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्यात असं मानतात की या दिवसांत मेलेले सुटून येतात आणि आपल्या माणसाने आपल्यासाठी काही ठेवलंय का म्हणून विहारांमागून विहार हिंडतात. सात विहारांत काही मिळालं नाही तर उपाशी परत जातात. म्हणून चिकट भाताला तीळ लावून गोळे करायचे, आणि विहाराभोवती फिरत एकेकाचं नाव घेऊन टाकायचे. तिथल्या म्हाताऱ्यांना प्रवास झेपत नाही. त्यांनी मावशींना सांगितलं होतं, बुद्धाच्या देशात जातेस तर आमच्यांना तिथे जेवू घाल. त्या सगळ्यांची नावं मावशींना पाठ होती.

"आपला घरमा पिंड नही," आबांनी बहिणीला सांगितलं. "तिले सांगी दे."

"घरात कुठे, आबा? विहारात."

"विहारमा ते बिलकूलच नही."

बहिणीने मग स्वयंपाकघरात मला खरी गोष्ट सांगितली. मावशींना एक धाकटा भाऊ होता, सहा-सात वर्षांचा. त्या राज्यात पोरांना वेगळं काढून दुसऱ्या शेतांवर नेत. त्याला नेलं. पुढे काहीच कळलं नाही. मेला हेही नाही. मावशी दरवर्षी सगळ्या गावाला आठवण करतात, आपापल्यांची नावं सांगा, कोणी उपाशी राहू नये. पण भावाचं नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही. तो जिवंत असेल आणि आपण त्याला मेलेल्यांत जेवू घातलं तर आपणच त्याला तिकडे ढकललं. आणि मेला असेल तर तो इतकी वर्षं सात विहार हिंडून उपाशी परत जातोय.

"आता तब्येत बरी नसते त्यांची," बहीण म्हणाली. "त्यांच्यामागे त्याला घालणारं कोणी नाही. म्हणून ठरवून आल्यात. सातव्या विहारात त्याचं नाव घ्यायचं आणि संपवायचं."

गाडी माझी, म्हणून सारथ्यही माझ्याकडे आलं. मी ऑफिसात रजा टाकली आणि कारण लिहिलं ‘घरगुती’. सात विहार म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं होतं. आपल्याकडे विहार पुष्कळ, किल्ल्या कमी. एका ठिकाणी किल्ली ज्या बाईकडे ती कापूस वेचायला गेलेली. एका ठिकाणी आत अंगणवाडी भरलेली, आणि मावशी बाहेर नावं घेत गोळे टाकतायत तर आतून पोरं बे एके बे म्हणतायत. त्यांच्याकडे हे पहाटे अंधारात करतात, कारण मेलेल्यांना उजेड सोसत नाही. मी बहिणीला म्हटलं, मावशींना सांग, खान्देशात ऊन इतकं की इथल्या भुतांनाही सवय झालीय. तिने ते भाषांतर केलं नाही.

मावशी रोज पहाटे आमच्या ओट्यावर गोळे वळायच्या. शेवटी एक वळायच्या अगदी छोटा, लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढा. तो वेगळ्या वाटीत ठेवायच्या, बरोबर घ्यायच्या आणि संध्याकाळी तसाच परत आणायच्या. दुसऱ्या दिवशी नवा.

नशिराबादला मी घोळ घातला. तिथल्या ओळखीच्या माणसाला मी आदल्या दिवशी फोनवर बोलून गेलो होतो की परदेशातून पाहुण्या येतायत. जाऊन बघतो तर सतरंज्या, खुर्च्या, माईक, शाल. मावशींना मधल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी गोळ्यांचं ताट बुद्धमूर्तीपुढे ठेवलं होतं, शेजारी वाटी. वंदना झाली. मग आपल्या पद्धतीप्रमाणे जे दान पुढे ठेवलं होतं ते तिथल्या बायांनी उचललं आणि वाटलं. कोणाला काय ठाऊक? पाहुण्यांकडचा गोड पदार्थ समजून सगळ्यांनी खाल्ला. एक आजी म्हणाली, "साखर कमी शे, पन चांगलं शे." बहीण माईकवर अडकली होती. माझ्या हातावर आला तो छोटा गोळा. मला गोड वर्ज्य आहे, म्हणून लहान बघून मीच मागून घेतला होता.

तोंडात टाकला आणि समोर बघितलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मी चावत होतो आणि त्या माझा जबडा, माझ्या कानांवरचे पांढरे केस, माझं पोट, सगळं सावकाश बघत होत्या, जसं स्टेशनवर गाडीतून उतरणाऱ्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करतात. तेव्हा मला कळलं मी काय खाल्लं ते. गिळावं की नाही हा प्रश्न पडला. गिळलं.

परतताना मी माफी मागितली, माझ्या इंग्रजीत, म्हणजे ‘सॉरी’ तीन वेळा. मावशी बहिणीशी काहीतरी बोलल्या. बहीण म्हणाली, "त्या म्हणतायत, तो तुझ्याच वयाचा असणार. त्यांना तो कायम सहा वर्षांचाच दिसायचा. एवढा मोठा झाला असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं."

आरशात बघितलं तर मावशी माझ्या मानेकडे बघत होत्या. मग जिथे जाऊ तिथे ती नजर माझ्या मानेवर राहिली. घरी जेवताना मी घास घेतला की त्या थांबायच्या. मला माझंच जेवण परक्याचं वाटायला लागलं. एका रात्री बायको म्हणाली, "पहिल्यांदाच तुम्ही कमी जेवताय, त्यांना अजून महिनाभर राहू द्या."

सातवा विहार आबांच्या गावचा. आबा बरोबर आले. "माझं गाव शे," एवढंच म्हणाले. पिंडावर लक्ष ठेवायला येतायत हे उघड होतं. विहारासमोर ओटा आहे, त्यावर जाऊन बसले. मावशींनी फेऱ्या सुरू केल्या. एकेक नाव, एकेक गोळा. परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्यांची माणसं, आमच्या गावच्या मातीत. ताट रिकामं झालं. वाटी उरली. त्या दिवशीचा त्या वाटीतला गोळा मोठा होता, इतरांएवढाच.

त्यांनी तो हातात घेतला. तोंड उघडलं. उभ्या राहिल्या. ऊन चढत होतं. पुन्हा तोंड उघडलं. गोळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, तीळ गळले.

"काय व्हयनं तिले?" आबांनी विचारलं.

बहिणीने तेव्हा आबांना सगळं सांगितलं. इतके दिवस ते त्यांच्यापासून लपवलं होतं. आबांनी ऐकून घेतलं. मग रागावल्यासारखे म्हणाले, "तो मरी गया का जित्ता शे, हाई तिले माहीत नही ना? मंग पिंड कसाले? जो येल नही, त्यानं ताट झाकी ठेवतस."

वर्कशॉपमधून आबा कधीही यायचे, संध्याकाळी, पहाटे, दुसऱ्या दिवशी. त्यांच्या आईने त्यांचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून ठेवलेलं असायचं. आमच्याकडे घरोघरी हेच. उशिरा येणारा मेलेला नसतो, नुसता उशिरा येणारा असतो.

आबांनी समोरच्या घरातल्या माझ्या चुलत वहिनीला हाक मारली. भाकरी आली, तुरीची डाळ, ठेचा, कांदा. मावशींनी तो गोळा ताटात कडेला ठेवला. आबांनी स्वतः वर ताट पालथं घातलं. मावशी शेजारी बसल्या, ओट्यावर, ज्या बाजूने रस्ता दिसतो तिकडे तोंड करून. एक ट्रॅक्टर गेला, त्यावरचा माणूस माझ्याएवढा होता. मीसुद्धा आता सगळ्यांची वयं बघायला लागलो होतो.

उन्हं कलली तेव्हा बहीण म्हणाली, निघायला हवं. मावशी उठेनात. ताटाकडे बोट दाखवलं. ताट सोडून कसं जायचं?

"तुम्हीन जा," आबा म्हणाले. "मी आठे बठसू."

"आबा, रात्रभर?"

"माले काय वाघ खास का?"

आम्ही निघालो. मागे ओट्यावर पालथं ताट आणि शेजारी आमचे आबा, प्रतिज्ञा पाठ असलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीने जळगावला आले. पाय धुतले, पाणी प्यायले. मावशी समोर उभ्या होत्या. मी विचारलं, "आबा, ताटाचं काय झालं?"

"सकायले ताट धुयेल व्हतं," आबा म्हणाले.

"कोणी धुतलं?"

"माले डोळा लागी गयथा."

मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, मी तर म्हटलं आबांनीच धुतलं असेल. आमच्या आबांनी आयुष्यात चमचासुद्धा धुतलेला नाही. हे मी आबांना बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यात त्यांनी पान उलटलं नाही.

बहिणीने मावशींना ते सांगितलं. मावशी आधी हसल्या, तोंडावर हात ठेवून, पोरीसारख्या. मग तिचा हात धरून तिला गच्चीवर घेऊन गेल्या.

मी खाली अंगणात होतो. वरून मावशींचा आवाज आला, एकच शब्द. मग बहिणीचा, तोच शब्द, चुकीचा. मावशींनी दुरुस्त केला. बहिणीने पुन्हा म्हटला. पुन्हा चुकला. भावाचं नाव ते, परक्या भाषेतलं, मधे कुठेतरी आवाज घशात मुडपावा लागतो, आणि तो आमच्या घराण्यात कोणालाच मुडपता येत नाही. मावशी थांबेनात. मेल्याची बातमी आली तर पिंड, तोवर ताट, आणि मावशींच्या मागे ते बहिणीने घालायचं, असं ठरलं होतं त्या दोघींत. बहिणीने ते मला पुढे सांगितलं. आणि दोन्हीसाठी नाव बरोबर यायला हवं, नाहीतर भलताच कोणी येऊन बसायचा.

बराच वेळ ते चाललं होतं. गल्लीतले लोक वर बघत जात होते. शेवटी बहिणीच्या तोंडून ते जसंच्या तसं निघालं, मावशींसारखं.

माझ्या शेजारी आबा येऊन उभे राहिले होते. त्यांचे ओठ त्याच नावावर हलत होते. माझेही हलत होते, ते मला नंतर कळलं.