कागदात नसलेला पिक्चर

"कागदात नाय, त नाय," असं म्हणून दादा चष्मा कपाळावर चढवायचे आणि कागद परत माझ्याकडे सरकवायचे. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद करणारं आमचं छोटं ऑफिस, दादा तिथले सगळ्यात जुने. माल मागवणाऱ्या पार्टीने फोनवर कितीही शपथा घेतल्या तरी ते हलत नसत. खोटं सोडाच, खरंसुद्धा त्यांना लेखी लागायचं.

अशा माणसाला विलायती गुंडांच्या पिक्चरचं वेड असेल असं तुम्हाला वाटलं असतं का? जासईच्या घरी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ अशाच एका पिक्चरचे हिंदीत डब केलेले सगळे भाग पुन्हा पुन्हा बघायचे. लंडनच्या गोदीतले दोन भाऊ, त्यातला धाकटा दुसऱ्या भागात मरतो. तो प्रसंग आला की दादांचा भाऊ उठून टीव्हीच बंद करायचा.

मग भावाला कॅन्सर निघाला. इलाज संपले आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याच सुमारास नवा भाग आला, पहिल्याच्याही आधीचा, त्या दोघांच्या तरुणपणाचा. म्हणजे धाकटा त्यात जिवंत. "तू बगून ये आनि मना सांग," भावाने हट्ट धरला.

दादा मला घेऊन वाशीच्या थिएटरात गेले. पिक्चर इतका रटाळ की विचारू नका. धाकट्याला जेमतेम दोन प्रसंग, तेही कुणा मख्ख चेहऱ्याच्या पोराला दिलेले. मध्यंतरात दादा हातातला समोसा तसाच धरून बसले.

"त्याला काय सांगू रं आता?"

चांगला होता म्हणून सांगा, असं मी बोलून गेलो.

पण भावाला तेवढं पुरणार नव्हतं, त्याला गोष्ट हवी होती. मग आयुष्यात पहिल्यांदा दादांनी कागदात नसलेलं सांगायला घेतलं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. मी एकदा गेलो तेव्हा धाकटा गुंड होडीतून पळ काढत होता आणि मोठा त्याला जवळा-भाकरी बांधून देत होता. लंडनमध्ये! भाऊ डोळे मिटून ऐकायचा आणि दादा थांबले की "मंग?" म्हणायचा. मी साक्षीदारासारखी मान हलवत बसलो. याहून जास्त मला काहीच करता येत नव्हतं, याची लाज वाटायची.

मूळ पिक्चर दोन तासांचा. दादांचा तिसऱ्या आठवड्यातही मध्यंतरापर्यंत आला नव्हता. तेवढ्यात भाऊ गेला.

तेराव्याला त्याच्या बायकोने मला बाजूला बोलावलं. नवऱ्याने तो पिक्चर पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर बघितला होता, कुणीतरी चोरटी कॉपी पाठवली होती. "बेकार हाय म्हनले. पन दादूसला सांगू नको, त्याचा बरा हाय म्हनले."

ते दादांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुढे वर्षभर आम्ही समोरासमोर बसून कागद तपासले. दादा रिटायर झाले त्या दिवशी डबा पिशवीत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "आवडला असंल ना रं त्याला?"

मी म्हटलं, हो, तुमचा पिक्चर त्याला खूप आवडला.

दादांनी कागद मागितला नाही.