बाबांनी सांगितलेला शेवट

मंडळी, परवा लेकीसोबत मॉलमध्ये नवा सिनेमा पाहिला. हाणामारी झकास होती, पण पार्किंगपर्यंत येईस्तोवर नायकाचं नावही आठवेना.

आज दुपारी आईला टीव्हीवर एक जुना, काळा-पांढरा सिनेमा लावून दिला. लग्नानंतर बाबांनी तिला तो इथं शहरात आणून दाखवला होता. पैठणची शेवटची एसटी गाठायची म्हणून दोघं शेवटाआधीच उठले. पुढच्या आठवड्यात बाबा कामासाठी आले, एकटेच पुन्हा बसून शेवट पाहिला आणि घरी जाऊन आईला सांगितलं, नायिका घरी परत येते.

आई आजवर सगळ्यांना तेच सांगत आली.

आज नायिका नदीत उतरली आणि पडद्यावर ‘समाप्त’ आलं.

“अगं, पुढं लाव ना. ती घरी येते.”

“आई, एवढाच आहे.”

बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत. त्यांचं खोटं मीच उघडं पाडलं, असं वाटून मी घाईनं टीव्ही बंद केला.

आई डोळे पुसता पुसता हसली. “लई लबाड माणूस! एसटीत मी पैठणपर्यंत रडत होते ना, तिचं काय होईल म्हणून.”

थोड्या वेळानं म्हणाली, “तुझ्या पोरीला सांगशील तेव्हा यांचाच शेवट सांग.”

सिनेमा म्हणून खरा शेवटच योग्य आहे, हे मला पटतं. तरी लेक क्लासवरून आली की मी बाबांचाच सांगणार आहे. तुम्ही कोणता सांगितला असता?